वात बारीक ठेव

नरकचतुर्दशीच्या पहाटे गंगाखेडला अंगणात बंब पेटलेला असतो आणि आभाळात मृग पश्चिमेकडे कललेला असतो. अंगाला लावलेले तेल जिरेपर्यंत वर पाहण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. आई पणत्या लावताना दरवर्षी एकच बजावीत असे, “वात बारीक ठेव रे, मोठी ज्योत लवकर विझते.” पुढे शिक्षक झाल्यावर हे वाक्य मी ताऱ्यांच्या धड्याला जोडले.

मृगाच्या पोटातल्या बाणाजवळ एक धुरकट ठिपका दिसतो. तो वायू आणि धुळीचा ढग. तेथे आजही तारे जन्मत आहेत. ढग आपल्याच भाराने आकसतो, गाभा तापतो, हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा पेटतो. सूर्यासारखा बेताचा तारा हे इंधन सुमारे १,००० कोटी वर्षे पुरवतो. आपल्या सूर्याची ४६० कोटी सरली आहेत. मृगाच्या पायाशी असलेला तांबूस काक्षी मात्र उधळ्या. द्रव्य सूर्याच्या दहापटींहून अधिक, पण खर्च हजारो पटींनी. कोटीभर वर्षांतच तो म्हातारा झाला. एक दिवस स्फोट होऊन संपेल. “तेव्हा मुलांनो, काटकसर करा,” असे म्हणून मी धडा संपवी.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुरुजी, मग जगाच्या उपयोगी कोणता तारा पडला?”

मी निरुत्तर झालो. १९५७ साली फ्रेड हॉईल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्याच भट्टीत घडतात. हेच हॉईल पुढे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू झाले. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू बहुतेक सारा काक्षीसारख्या उधळ्यांनी मरताना फेकलेला. असा तारा गेल्यावर कधी कधी त्याचा दाबून घट्ट झालेला गाभा गरगरत मागे राहतो. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अशा गाभ्यांचे ठोके टिपतात. सर्वांत काटकसरी ते चिमुकले लाल बटू तारे. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे, पण त्यांतला एकही अजून म्हातारपणाने मेलेला नाही, आणि त्यांच्या गाभ्यातले कोणाच्या वाट्याला आलेले नाही.

मग उधळेपणा थोर मानायचा काय? तसेही म्हणवत नाही. काक्षीने काही मनाशी ठरवून दिलेले नाही. जन्मताना जेवढे द्रव्य वाट्याला आले, त्यावरून त्याचे सारे आयुष्य ठरले. त्याला त्यागाचे पुण्य नाही आणि उधळपट्टीचे पापही नाही. त्याच्या तोंडी नीती घालणारा मीच चुकत होतो. निवड करायची असते ती माणसाला.

आईची वात बारीक असे, हे मी मुलांना सांगत आलो; पुढचे सांगायचे राहूनच गेले. वाचलेल्या तेलातून ती एक पणती भरी आणि ज्या घरी त्या वर्षी दिवाळी नसे, त्याच्या उंबऱ्यावर उजाडण्यापूर्वी ठेवून येई.

आता धडा संपताना मी मुलांना काटकसर करा असे सांगतोच. पण वाचवलेले तेल कोणाच्या पणतीत घालणार, तेही विचारतो.