खिशातली धार

खिशात चाकू बाळगणारा माणूस सज्जन असू शकतो काय? प्रश्न ऐकून कोणी हसेल. परंतु बोरीवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाने सहज खिशातून चाकू काढून पाते उघडले, तर आपला हात आधी कुठे जातो, हे ज्याचे त्याने पाहावे. पुढल्याच क्षणी त्याने डब्यातून सफरचंद काढले की आपण निवांत होतो. एवढेच नव्हे, तर एका फोडीची आशाही करू लागतो. पाते तेच, बदलला तो आपला त्या माणसाविषयीचा समज.

धार जवळ बाळगणे काही आजचे नव्हे. आजोबांच्या चंचीत पानसुपारीबरोबर अडकित्ता असे आणि त्याला भिऊन कोणी ओसरीवरून उठून गेल्याचे ऐकिवात नाही. बोरीवलीकरांना तर याहून जुना दाखला घराजवळच सापडेल. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध परंपरेने भिक्षूला आठच वस्तू दिल्या: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंद, सुई, पाण्याचे गाळणे आणि वस्तरा. पाण्यातला जीव मरू नये म्हणून गाळणे बाळगणाऱ्यानेही धार टाकून दिली नाही. दोष धारेतच असता, तर तो त्याला सर्वांआधी दिसला असता.

तेव्हा कोणता चाकू घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्याआधी कशासाठी घ्यावा, हे स्वतःला विचारावे. गरजेने घेतलेला चाकू आखूड असतो. भीतीने घेतलेला लांब. फराळाच्या खोक्याची सुतळी, आकाशकंदिलाचा दोरा, एखादे फळ, यांना तीन इंचांचे पाते पुरते. चाकू घडीचा असावा आणि उघडल्यावर पाते बोटांवर मिटणार नाही अशी अडकण त्याला असावी. फ्रान्समधल्या ओपिनेल या 1890 पासूनच्या साध्या लाकडी मुठीच्या चाकूला 1955 साली अशी एक फिरती कडी मिळाली. सुरक्षितपणासाठी फार खर्च लागतोच असे नाही. आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंज न चढणारे पोलाद बरे. धारही नीट राखावी. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात निसटतो. आणि किंमत अशी असावी, की शेजाऱ्याने मागितल्यास देताना जीव कचरू नये.

कायद्यानेही मापे घातली आहेत. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची दखल घेतात. मात्र घरकाम, शेती वा उद्योगाची हत्यारे त्यांतून वगळतात. शिवाय 1951 च्या पोलीस कायद्याच्या 37 व्या कलमाखाली सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यास काही काळ मनाई करता येते. म्हणजे कायदाही नुसती लांबी मोजत नाही. हेतू आणि वेळ पाहतो.

पण रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतणाऱ्या मुलीच्या पर्समध्ये चाकू ठेवावा काय, असे एखाद्या आईने विचारले, तर? या काळजीला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी उत्तर नाही असेच द्यावे लागेल. झटापटीत पाते बलवानाच्या हाती जाण्याचे भय आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की चाकू तिच्या हाती देऊन आपण, डब्यातले बाकीचे लोक, आपल्या कर्तव्यातून मोकळे होऊ पाहतो. तिने निर्धास्त घरी पोहोचणे हे आपल्या सर्वांकडून तिचे येणे आहे. ते एका पात्यावर ढकलता येणार नाही. ज्या गावात प्रत्येकाला पाते लागते, तिथे कुणाचेच पाते पुरे पडत नाही.

मुलाने चाकू मागितला तर मात्र त्याला जरूर द्यावा; सोबत घरातल्या विळीचा धडाही द्यावा. काम संपले की विळी आडवी करून ठेवावी, हे आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. चाकूचेही तेच: काम झाले की मिटावा, आणि दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करावी. एवढे ज्याला साधले, त्याच्या खिशात काय आहे, याची चौकशी शेजारी सहसा करीत नाहीत.