न आठवणारा वर्ल्ड कप

माझ्या फोनमध्ये एक क्लिप आहे. 22 नोव्हेंबर 2003, सिडनी, रग्बी वर्ल्ड कपची फायनल. पावसाने ओलं झालेलं मैदान, एक्स्ट्रा टाइमचं शेवटचं मिनिट, इंग्लंड 17, ऑस्ट्रेलिया 17. चेंडू जॉनी विल्किन्सनकडे येतो. एरवी डाव्या पायाने खेळणारा हा माणूस उजव्या पायाने ड्रॉप गोल मारतो. 20-17. मला रग्बीतलं फारसं कळत नाही, तरी रात्री झोप येत नसली की मी ही क्लिप लावतो.

त्या संघाचा हुकर होता स्टीव्ह थॉम्पसन. वय 25. त्याला यातलं काहीही आठवत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये, 42व्या वर्षी, त्याने स्वतःच जगाला सांगितलं की त्याला डिमेन्शिया झालाय. कधीकधी बायकोचं नावही आठवत नाही. फायनलचं रेकॉर्डिंग बघताना आपण त्या मैदानावर होतो असं त्याला वाटतच नाही. आपण दुसऱ्या कुणाची मॅच बघतो, तशी तो ती बघतो. डॉक्टरांच्या मते याचं मूळ बहुधा वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांत आहे.

हुकर काय करतो हे माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांत डोकी घालून भिडतात. हुकर पहिल्या रांगेच्या बरोबर मधोमध. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले, मागून स्वतःच्या पाच जणांचा रेटा आणि समोरून आठ जणांचा. डोकं सावरायला एकही हात मोकळा नाही. आणि हे फक्त सामन्यापुरतं नाही. 1995 मध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं आणि खेळाडूंना पगार सुरू झाला. पगार आहे म्हटल्यावर आठवडाभर सराव आला, आणि सरावात पुन्हा तेच स्क्रम. बेशुद्ध पाडणारा धक्का सगळ्यांना दिसतो. न पाडणारे हजारो धक्के कोण मोजणार?

थॉम्पसन मुळात हुकर नव्हताच, स्क्रममध्ये मागे खेळायचा. नॉर्थॅम्प्टन क्लबने त्याला पुढे आणलं. इंग्लंडकडून तो पहिल्यांदा खेळला 2002 मध्ये, स्कॉटलंडविरुद्ध, कलकत्ता कपसाठी. (हो, आपलंच कलकत्ता. तिथला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला गेला. त्याच्या कड्यांवर नाग आहेत आणि झाकणावर हत्ती.) पुढे तो इंग्लंडसाठी 73 सामने खेळला.

मला छळणारा प्रश्न साधा आहे. तो वर्ल्ड कप आता कोणाचा?

जॉन लॉकने 1694 मध्ये लिहून ठेवलंय की माणूस काल आणि आज एकच आहे, हे ठरतं स्मृतीवरून. जे मला माझं म्हणून आठवतं, तो मी. या हिशेबाने सिडनीतला हुकर आणि आजचा थॉम्पसन ही दोन वेगळी माणसं आहेत. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं, पण मला ते पटत नाही, आणि त्याला कारण माझी आजी आहे. ती तीस वर्षं शिक्षिका होती. शेवटच्या काळात तिला शाळाच आठवेना. एकदा तिचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला, पाया पडला, बराच वेळ "बाईं"बद्दल बोलत बसला. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चांगल्या होत्या का रे त्या बाई?" तो म्हणाला, "फार." आजीला त्या कोणा बाईंबद्दल बरं वाटलेलं दिसलं. त्या दोघी वेगळ्या होत्या, असं आमच्या घरात कोणीही मान्य करणार नाही. तिला आठवत नव्हतं ते आम्ही आणि त्या विद्यार्थ्याने सांभाळून ठेवलं होतं.

मग थॉम्पसनचा वर्ल्ड कप इंग्लंडच्या लोकांनी सांभाळलाय, असं म्हणून सोडून द्यावं का? इथेच मी अडतो. आजीची स्मृती शिकवण्याने गेली नव्हती. याची मात्र ज्या कामाने नाव झालं, त्याच कामाने गेली असावी. आणि त्या कामातला गोड भाग उरलाय तो नेमका आमच्याकडे. क्लिप आमच्याकडे, थरार आमच्याकडे. मागे राहिलेला हिशेब फक्त त्याच्याकडे.

कोणी म्हणेल, त्याने स्वतःच निवडलं होतं की! हा आक्षेप मला हलक्यात घेता येत नाही, कारण थॉम्पसनच्या आयुष्यात एक अवघड जागा आहे. 2007 मध्ये मानेच्या दुखापतीमुळे तो निवृत्त झाला. विम्याची भरपाई मिळाली. तो फ्रान्सला, ब्रीव्हच्या क्लबकडे गेला आणि काही महिन्यांत त्याने ती रक्कम परत करून पुन्हा खेळायला सुरुवात केली. म्हणजे घरी बसायचे पैसे मिळालेले असताना ते परत देऊन तो स्क्रममध्ये शिरला. 2011चा वर्ल्ड कपही खेळला. मग पुन्हा मान, आणि कायमची निवृत्ती. त्याला कोणी ओढत नेलं नव्हतं.

पण त्याने होकार कशाला दिला होता? मोडणाऱ्या हाडांना, झिजणाऱ्या गुडघ्यांना, फार तर मानेला. चाळिशीत बायकोचं नाव विसरण्याला नाही. ती शक्यता त्याच्यासमोर कोणी नीट मांडलीच नाही, असं त्याचं आणि त्याच्यासारख्या शेकडो माजी खेळाडूंचं म्हणणं आहे, त्यासाठी ते कोर्टात गेलेत. आजच्या मुलांना निदान आकडे दिसतात. स्कॉटलंडच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा 2022 मध्ये अभ्यास झाला, त्यात मेंदू आणि मज्जातंतूंच्या ऱ्हासाच्या आजारांचा धोका इतरांच्या साधारण अडीचपट निघाला. आता वरच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या माउथगार्डमध्ये सेन्सर असतात, प्रत्येक धक्का मोजला जातो.

समजा सगळी माहिती दिली. तरी एकोणीस वर्षांच्या मुलाला बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या वतीने सही करता येते का? डेरेक पार्फिटने 1984च्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये सिगरेट ओढू लागलेल्या एका मुलाचं उदाहरण दिलंय. पन्नास वर्षांनी होणाऱ्या त्रासाची त्याला फिकीर नाही. पार्फिटचा रोख असा, की हा मुलगा नुसता मूर्ख नाही. त्या म्हाताऱ्याशी तो जे करतोय ते दुसऱ्या माणसाचं नुकसान करण्यासारखं आहे. मला हे थोडं कठोर वाटतं. विशीत आपण सगळेच पुढच्या कोणाच्यातरी नावावर उधारी करतो. नाहीतर कोणी घर सोडलं नसतं, लग्न केलं नसतं. पण त्या पुढच्या माणसाकडे निदान आठवण तरी येते, "तेव्हा मजा आली होती" म्हणायला. थॉम्पसनकडे तीही आली नाही. पुन्हा संधी मिळाली तर खेळशील का, यावर त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. रग्बीवेड्या लोकांना ते लागलं. मला ते अगदी बरोबर वाटतं. ज्याला फक्त बिल मिळालं, त्याने जेवणाचं कौतुक का करावं?

राहिलो मी, क्लिप बघणारा. मी तिकीट काढलं नव्हतं, तेव्हा रग्बी हा शब्दही मला धड माहीत नव्हता. पण असले क्षण विकले जातात ते माझ्यासारखे बघणारे आहेत म्हणूनच.

मागच्या महिन्यात लक्षात आलं की माझी क्लिप अर्धवट आहे. ती सुरू होते तेव्हा चेंडू आधीच इंग्लंडच्या हातात असतो. म्हणून त्याच्या आधीचा भाग शोधून पाहिला. लाइनआउट आहे. थॉम्पसन रेषेबाहेर उभा, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर. सगळ्यात लांबचा आणि म्हणून सगळ्यात धोक्याचा थ्रो तो टाकतो आणि शेवटी उभा असलेला लुईस मूडी तो झेलतो. तिथून सगळं घडतं.

ऑक्टोबर 2025 मध्ये मूडीने सांगितलं की त्याला मोटर न्यूरॉन डिसीज आहे. एकट्या माणसाच्या बाबतीत तो कशामुळे झाला हे कोणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. थॉम्पसनच्या मेंदूत नेमकं काय झालं, याचंही पक्कं निदान मृत्यूनंतरच होऊ शकतं. त्याने 2021 मध्येच आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचं लिहून दिलंय.

जुनी क्लिप मी काढून टाकली. आता ही लांबवाली आहे, त्या थ्रोपासूनची.