कल्पित नौका, खरा प्रश्न

जे अस्तित्वातच नाही, त्याविषयी मनुष्य उत्तरदायी असतो काय? प्रश्न जुना आहे. परंतु सकृद्दर्शनी पोरकट वाटणाऱ्या एका छंदात तो नव्याने उभा राहतो, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

१९७७ साली अमेरिकेतील ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या प्रकाशनसंस्थेने ‘ट्रॅव्हलर’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. मार्क मिलर हे त्याचे प्रमुख रचनाकार. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यावी, फासे टाकावेत आणि ताऱ्यांमधील प्रवासाची कथा सर्वांनी मिळून रचावी, असे त्याचे स्वरूप आहे. या खेळाभोवती अंतराळनौकेच्या मजल्यांचे नकाशे काढण्याचा एक स्वतंत्र छंद वाढला. चौकटींच्या कागदावर दीड मीटरचा एक चौरस धरावयाचा आणि चालककक्ष, यंत्रघर, इंधनाच्या टाक्या, निजण्याच्या खोल्या व मालाची वखार हे सारे त्यात बसवावयाचे. नौकेचे माप ‘टनां’त सांगतात, हा टन वजनाचा नव्हे, तर एक टन द्रवरूप हायड्रोजन जितकी जागा व्यापतो तितक्या जागेचा, म्हणजे सुमारे १४ घनमीटरांचा. कागदावरील दोन चौरस म्हणजे साधारणतः एक टन.

या हिशेबात एका खोलीला चार टन लागतात. परंतु खोलीचे भाडे न परवडणाऱ्यांसाठी दुसरी एक सोय आहे. प्रवाशाला गोठवून निद्रिस्त अवस्थेत नेणाऱ्या पेटीला अवघा अर्धा टन, म्हणजे एक चौरस पुरतो. खेळातील २०० टनी व्यापारी नौकेत दहा खोल्या आणि अशा वीस पेट्या आहेत. वीस माणसे अडीच खोल्यांच्या जागेत मावतात! उत्तम दर्जाचे तिकीट १०,००० क्रेडिटांचे, पेटीचे १,००० चे. मूळ नियमांनुसार पेटीतील प्रवाशाला जागे करताना दोन फासे टाकावयाचे; बेरीज पाचाहून कमी आली की तो मृत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहा अशा आहेत. कुशल वैद्य हजर असला तर धोका कमी होतो, एवढेच. शिवाय किती प्रवासी जिवंत उठतील यावर प्रवाशांनीच पैज लावावयाची, आणि जिंकणारा स्वतःच उठला नाही तर रक्कम कप्तानाची, असाही नियम आहे.

येथे कोणी म्हणेल, हा खेळ आहे. कागदावरची माणसे मरत नाहीत. हे खरे आहे. संकट नसेल तर कथाही घडणार नाही, हेही खरे. म्हणून आक्षेप संकटाच्या अस्तित्वाला नाही. विचारावयाचे ते एवढेच, की ते संकट कोणाच्या वाट्याला टाकले आणि टाकताना आपल्याला त्याचे भान होते काय? पेट्यांची रांग वखारीच्या मागे ढकलणारा हात दुष्ट नसतो. त्याच्यापुढे जागा अपुरी असते, आणि एक टन मालाचे भाडे १,००० क्रेडिट असताना त्याच जागेतील दोन पेट्या २,००० देतात. नौकेवर त्याला स्वतःला जावयाचे नसते. निद्रिस्त माणूस तक्रार करीत नाही. अन्यायाला याहून अधिक काही लागत नाही. प्रवासी काल्पनिक असले, तरी आखणाऱ्याच्या मनाची सवय काल्पनिक नसते.

इतिहासात असा एक नकाशा आहे. गुलामांची वाहतूक करणाऱ्या ‘ब्रुक्स’ या इंग्रज जहाजाचा आराखडा १७८८ साली गुलामी व्यापाराच्या विरोधकांनी छापला. त्या वर्षीच्या कायद्याने त्या जहाजावर ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. विरोधकांनी माणसे मजल्यावर खरोखरच आखून दाखविली. प्रौढ पुरुषाला सहा फूट लांबी आणि सोळा इंच रुंदी. मोजमापात अतिशयोक्ती नव्हती. उलट, पूर्वी याच जहाजाने सहाशेहून अधिक माणसे नेली होती. जागेचा हिशेब व्यापारी करीतच होते. विरोधकांनी त्या हिशेबात देह काढले, आणि जो आराखडा नफ्याचे साधन ठरला असता तो साक्षीदार झाला.

जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात असे सुचविले, की समाजाचे नियम ठरविताना त्या समाजात आपले स्थान कोणते असेल हे आपल्याला ठाऊक नाही असे धरून चालावे. नौकेच्या नकाशाला ही कसोटी सहज लावता येते. आपल्या वाट्याला खोली येणार की पेटी, हे फासे ठरविणार असे धरून आखावयास बसा. मग वैद्याची खोली आपोआप पेट्यांजवळ येते. वीज गेली तर झाकण आतून उघडेल काय, हा प्रश्न सुचतो. कदाचित वखारीतील चार टन कमीही होतात. नौका तेव्हाही धोक्याची राहील. परंतु तो धोका आखणाऱ्याने स्वतःसाठीही मान्य केलेला असेल.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांच्या आठवणी आपण अभिमानाने सांगतो. दिवाणखाना, माजघर, देवघर, चौक यांची वर्णने आपल्याला पाठ असतात. सफाईवाल्यासाठी ठेवलेले मागील दार आणि ‘बाहेरच्या’ बाईसाठी राखलेला कोपरा मात्र त्या वर्णनात सहसा येत नाही. ते आखणारेही दुष्ट नव्हते. त्या दाराने आपल्याला कधी यावे लागणार नाही, याची त्यांना खात्री होती. ज्या घरात नातू चौकटींच्या कागदावर अंतराळनौका आखीत बसला असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी त्याला ‘वेळ फुकट घालवू नको’ असे म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसावे, आणि मागील बाजूच्या त्या लहान चौरसांकडे बोट दाखवून ‘येथे कोण राहते?’ एवढेच विचारावे.