कल्पना सुचते, मग जगते कशी?

नवी कल्पना सुचणे आणि ती जगवणे ही दोन निराळी कामे आहेत. उद्योजकांच्या शिबिरांत मात्र हमखास सांगितले जाते, की उजवा मेंदू कल्पक, डावा हिशेबी. उजवा जागवला की काम फत्ते. हे खरे नाही. २०१३ मध्ये यूटा विद्यापीठातील संशोधकांनी हजारावर लोकांच्या मेंदूची स्कॅन तपासली. तेव्हा ‘उजव्या मेंदूची’ आणि ‘डाव्या मेंदूची’ अशी माणसे त्यांना सापडली नाहीत.

मन भटकत असताना मेंदूतील जे जाळे चालू असते, त्याला ‘डिफॉल्ट मोड’ म्हणतात. मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये ते चर्चेत आणले. पारख करणारे जाळे वेगळे. रॉजर बीटी यांच्या २०१८ च्या अभ्यासात अधिक कल्पक माणसांच्या मेंदूत ही दोन्ही जाळी एकमेकांशी अधिक घट्ट जोडलेली दिसली. म्हणजे नुसते भटकणे पुरत नाही आणि नुसती पारखही पुरत नाही.

भटकायलाही आधी शिदोरी लागते. २००४ मध्ये जर्मनीतील एका प्रयोगात आकड्यांचे कोडे सोडवून मग झोपलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्यातला लपलेला सोपा नियम सापडला; जागे राहिलेल्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून कमी होते. पण कोडे आधी सर्वांनीच हाताळले होते. उद्योगातही तेच दिसते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांना ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायला असल्याचे रेल्वेप्रवासात कळले, आणि १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी उभी राहिली. १९३९ मध्ये प्रवासात एका अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली. पुढच्या वर्षी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट निघाली. अशा बातम्या पुष्कळांच्या कानांवर पडतात. वालचंदांच्या गाठीशी रेल्वेच्या ठेकेदारीचा अनुभव होता, म्हणून त्यांना बातमीत धंदा दिसला.

कल्पना जगवण्याचे काम मेंदूतील डोपामाइन या रसायनापाशी अडते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांनुसार ते सोडणाऱ्या पेशी बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. अपेक्षेहून कमी मिळाले की त्यांचे काम मंदावते. मोठ्या घोषणेने सुरू झालेला प्रयोग पहिल्याच तोट्यात नकोसा होतो, त्याचे एक कारण इथे शोधता येईल.

सोलापूरच्या चादरीचे काम याच्या उलट चालते. जकार्ड मागावर नवी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पडतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक नमुना विणून पाहिला, की चूक त्या पत्त्यापुरती दुरुस्त होते. सबंध माल वाया जात नाही. छोटी चाचणी म्हणजे छोटी अपेक्षा, आणि पचेल एवढीच निराशा.

इथवर मेंदूशास्त्र उपयोगी पडते. सिंदियाच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले; ‘लॉयल्टी’ काही वर्षांतच काढून टाकावी लागली, आणि १९२३ च्या करारानंतर कंपनीला किनारी वाहतुकीवर समाधान मानावे लागले. तरीही ती तेव्हा बुडाली नाही. वालचंदांबरोबर नरोत्तम मोरारजी यांच्यासारखे भांडवलदार भागीदार होते, आणि स्वदेशी जहाजवाहतुकीच्या मागणीला राजकीय पाठबळही होते. कल्पना एकाच्या डोक्यात सुचत असली, तरी तिचा तोटा सोसायला अनेकांचे खिसे लागतात. उद्योजकाने मेंदूशास्त्राकडून पारख कधी थांबवावी आणि चाचणी किती लहान ठेवावी, एवढे जरूर शिकावे. भागीदार कसा निवडावा, हे त्याला बाजारातच शिकावे लागेल.