राणीचा उपास आणि कोकसाची छिन्नी

वेरूळचं कैलास लेणं सकाळी बघायला गेलं की आधी जराशी निराशाच होते. तिथल्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आणि सूर्य डोंगराच्या पाठीमागून वर येणार. हौसेनं लवकर उठून जावं, तर अंगणात गारवा, हत्ती करडे, भिंती करड्या. फोटो काढणारे कुरकुरतात. ‘दुपारनंतर या,’ असं कुणीतरी जाणकार सांगून जातो. (मंगळवारी मात्र दुपारनंतरही जाऊ नये, लेणी बंद असतात.) पण सकाळच्या माणसाला एक गोष्ट बघायला मिळते, ती दुपारच्या माणसाला मिळत नाही. ऊन पहिल्यांदा शिखराच्या माथ्यावर येतं. मग एकेक थर करत खाली सरकतं, मंडपाच्या छपरावर पसरतं, भिंतींवर उतरतं, आणि जोत्याच्या हत्तींपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागतो. साडेबाराशे वर्षांपूर्वी छिन्नी याच क्रमानं उतरली होती.

कैलास बांधलेलं नाही, कोरलेलं आहे, हे आपण शाळेच्या सहलीपासून ऐकत आलोय. इतकं ऐकलंय, की त्याचा अर्थ काय ते मनात शिरतच नाही. तो शिरायला बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढून वरून खाली बघावं लागतं. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी सरळ खोल चर खणले, मधे एक अजस्र ठोकळा सुटा केला, आणि त्या ठोकळ्यातून देऊळ काढलं. खड्डा सुमारे पावणेतीनशे फूट लांब, दीडशे फूट रुंद. मागच्या बाजूला त्याची खोली शंभर फुटांच्याही पुढे जाते. सगळा काळा कातळ, आपल्या सह्याद्रीचाच. वरून मंडपाच्या छपरावरचं मोठं कमळ दिसतं, त्याच्या भोवती पावलं टाकत निघाल्यासारखे चार सिंह. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तरी कामात कुठे हात आखडलेला नाही. आखडणार कसा? हे कमळ कोरलं गेलं तेव्हा ते उंचावर नव्हतंच. कोरणाऱ्याच्या गुडघ्याशी होतं. भोवतीचा दगड तेवढ्याच उंचीवर होता आणि माणसं त्याच्यावर बसून काम करत होती.

म्हणून इथे परांची बांधावी लागली नाही. दगड हीच परांची होती, आणि काम पुढे सरकेल तशी ती खाली जात होती. वरचा थर पुरा करायचा आणि मगच खाली उतरायचं. एकदा खाली गेलं की वरचं काम हाताच्या टप्प्यातून गेलं. घर बांधणारा पायापासून निघतो, भिंत उभी राहताना त्याला विचार बदलता येतो, एखादी खिडकी सरकवता येते. कैलासाच्या सूत्रधाराला पहिल्याच दिवसांत ठरवावं लागलं असणार, की माथ्यापासून किती खाली छप्पर, छपरापासून किती खाली गाभाऱ्याची जमीन, आणि तिच्याही खाली हत्तींनी तोललेलं ते जोतं. हत्ती तेव्हा कातळाच्या पोटात होते, त्यांच्यापर्यंत पोचायला अजून काही वर्षं होती. चराच्या उभ्या भिंतींवर छिन्नीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. बोटानं चाचपता येतात.

आता हे कुणी केलं? पुस्तकी उत्तर सोपं आहे: राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. त्याचा पुतण्या दंतिदुर्ग, ज्यानं बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली, त्याचा शिलालेख शेजारच्याच दशावतार लेण्यात आहे. चालुक्यांना हरवलं, पण त्यांच्या देवळावरून मात्र राष्ट्रकूटांची नजर हटेना. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आणि कैलास यांचं साम्य इतकं आहे, की एकाचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून दुसरं कोरलं असं अभ्यासक मानतात. विरूपाक्ष मंदिर बांधवून घेतलं चालुक्य राणी लोकमहादेवीनं, आणि तिथल्या शिलालेखात सूत्रधाराचं नाव आहे: गुंड अनिवारिताचारी. पदवी आणि मानमरातबासकट.

वेरूळला असं काही नाही. कैलासाचा उल्लेख सापडतो तो पार वडोदऱ्यात मिळालेल्या एका ताम्रपटात. तो कृष्णाचाही नव्हे, त्याच्या पणतवाचा, गुजरात शाखेच्या कर्कराजाचा, शके ७३४ म्हणजे इ. स. ८१२ चा. विषय गाव दान देण्याचा. त्यात पूर्वजांची थोरवी सांगताना पणजोबांनी एलापुरच्या डोंगरावर उभारलेल्या देवळाचा विषय निघतो. १८८३ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हा मजकूर उलगडून दाखवला आणि हे देऊळ म्हणजे कैलासच, असं मांडलं. पुढे त्यावर वादही झाले, ते साहजिकच. ताम्रपट म्हणतो, की विमानांतून जाणाऱ्या देवांनाही हे देऊळ पाहून नवल वाटलं. हे स्वयंभूच असणार, माणसाच्या हातून असं होणं नाही, असं ते म्हणाले. एवढ्यावर थांबला असता तर ही नेहमीची दरबारी स्तुती झाली असती. पण पुढे तो सांगतो, की ज्यानं हे घडवलं त्या शिल्प्यालाही, पुन्हा असं काही करू गेला तेव्हा ते जमेना, आणि हे आपल्या हातून कसं झालं याचं त्याला आश्चर्य वाटलं.

दरबारी कवीला हे सुचलं कुठून, कोण जाणे. मला वाटतं, कुणा कारागिराच्या तोंडचं बोलणं फिरत फिरत त्याच्या कानावर गेलं असावं. मोठं काम हातावेगळं केलेली माणसं असंच बोलतात. फक्त नाव काही त्यानं लिहिलं नाही. दान दिलेल्या गावाचं नाव आहे, वडपद्रक, म्हणजे आजचं वडोदराच. ज्याला मिळालं त्याचं आहे. शिल्पी राहिला.

ती उणीव भरून काढली गोष्टीनं. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात ती येते. राजा आजारी पडला. राणीनं घृष्णेश्वराला नवस बोलला, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस डोळ्यांनी बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता पंचाईत! जो तो कारागीर म्हणे, कळसापर्यंत जायला महिने लागतील. म्हणजे राणी उपाशी मरणार. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. त्यानं डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केलं, कळस आधी कोरला, राणीनं तो पाहिला आणि उपास सोडला. देवळाला नाव पडलं माणिकेश्वर.

आठवड्यात कळस होत नाही, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पण गोष्टीच्या मुळाशी काय आहे बघा. राजाच्या ताम्रपटाला देवांची विमानं दिसली, काम कसं झालं ते त्यानं सांगितलं नाही. गोष्टीनं तेवढंच नेमकं पकडून ठेवलं: आधी माथा, मग बाकीचं. नवस, उपास, नवऱ्याचं आजारपण, सगळं आपल्या घरातलं, बायाबापड्यांना लक्षात राहील असं. त्यात गुंडाळून एक पक्की तांत्रिक माहिती सातशे-आठशे वर्षं तोंडातोंडी टिकली. सन आणि घराणी बखरी पाठ करून राहत असतील, कामाची रीत राहिली ती अशी.

हल्ली मोबाईलवर दुसरीच गोष्ट फिरते. इतका दगड माणसानं काढणं शक्यच नाही, सबब परग्रहावरून कुणीतरी आलं होतं. ऐकून मला हसू येत नाही, राग येतो. काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांपासून पुढे सांगतात. दोन लाखच धरू. कृष्णाची सतरा वर्षं धरली तर दिवसाला बत्तीस टन. पावसाळा, सणवार वजा केले तर साठ म्हणा. अडीचशे माणसांत वाटला तर माणशी अडीच क्विंटलच्या आत. पाथरवटाला हे कष्टाचं आहे, अशक्य नाही. शिवाय सगळं सतरा वर्षांत आटोपलं असंही नाही, पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी दाखवलंय, की मुख्य देऊळ कृष्णाच्या काळातलं असलं तरी भोवतालचे काही भाग नंतर जोडले गेले. पिढ्या बदलल्या. मुलगा बापाच्या खालच्या थरावर काम करत असेल.

सगळ्यात खाली, दक्षिणेच्या अंगाला, रावण आहे. कैलास पर्वत मुळासकट उचलायला निघालेला, पुष्कळ हातांचा. वर पार्वती घाबरून शंकराच्या जवळ सरकली आहे, एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. शंकर मात्र निवांत. हे शिल्प नंतरचं असावं असंही एक मत आहे. असेल. ज्यानं कोरलं त्याच्या डोक्यावर तोवर सगळं देऊळ पुरं झालेलं होतं, आणि तो त्याच्या तळाशी दगडात हात घालून बसला होता. त्याला रावणाबद्दल थोडी आपुलकी वाटली असेल, अशी माझी आपली एक समजूत आहे. रावणाच्या पाठीचे स्नायू बघितले की ती पक्की होते.

देवळाच्या अंगावर एके काळी पांढरा गिलावा आणि रंग होता. मंडपाच्या छतावर अजून चित्रांचे तुकडे शिल्लक आहेत. म्हणून जुनी माणसं याला रंगमहाल म्हणत. आज आपण ज्या करड्या दगडाला गंभीर म्हणून नावाजतो, तो तेव्हा कुणाला दिसतही नसेल.

आणि कोकस? तो निव्वळ कल्पनेतला असावा असं वाटत असतानाच ढवळीकर एका गोष्टीकडे लक्ष वेधतात. अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या मध्य भारतातल्या काही शिलालेखांत असे शिल्पी भेटतात, जे आपण कोकसाच्या घराण्यात जन्मलो असं सांगतात. वेरूळपासून पुष्कळ लांब, वेगळ्या राजांच्या पदरी. ताम्रपटानं ज्याचं नाव घेतलं नाही तो हाच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण छिन्नी चालवणाऱ्यांनी आपल्या मूळ पुरुषाचं नाव दगडात कोरून ठेवलं होतं, एवढं खरं.