म्हैस आणि बिबट्या

बदलापूरच्या गोठ्यातील म्हैस आणि बारवी धरणालगतच्या रानातील बिबट्या यांत साम्य ते काय? एक चार कप्प्यांच्या पोटात गवत पचविते, दुसरा एकट्याने शिकार करून मांसावर जगतो. तरीही दोघांच्या मानेत सातच मणके असतात आणि दोघांची पिल्ले आईच्या दुधावरच वाढतात. म्हशीचे दूध मात्र आपल्या चहात येते. बिबट्याचा आपल्याला काहीच उपयोग नाही. म्हणून एक आपली, दुसरा परका.

२०२२ च्या फेब्रुवारीत बदलापूरनजीक एका बिबट्याचे डोके पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत अडकले. त्याला खाता येईना, पिता येईना. सुमारे दोन दिवसांच्या शोधानंतर वनखात्याच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून सोडविले. उद्या हाच आपले वासरू नेणार असेल तर त्याच्यासाठी एवढे श्रम कशाला, असे एखाद्या गोठेवाल्याने विचारले तर तो चुकला असे म्हणवत नाही. त्याच्या वासराची भरपाई आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. पण ती बरणी माणसाचीच होती, हेही विसरता येत नाही.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनपशू व गुरे दोन्ही चांगली ठरली, तेव्हा माणूस अजून निर्माण व्हायचा होता. म्हणजे चांगुलपणा आपल्या उपयोगावर अवलंबून नव्हता. उपयोगाचेच माप खरे मानले, तर ते गोठ्यापाशी थांबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत ते केव्हा पोहोचते, हे आपल्याला कळतही नाही.