कठडा कोणाच्या बाजूचा?

वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल ट्रॅक काढून टाकायचं एमएमआरडीएने २०२५ साली ठरवलं, तेव्हा मुंबईत फारसं कोणी हळहळलं नाही. २०११च्या सुमारास कौतुकाने बांधलेला तो ट्रॅक एव्हाना उभ्या गाड्या, फेरीवाले आणि सिग्नलची रांग चुकवणाऱ्या दुचाक्या यांनी आपसात वाटून घेतला होता. ट्रॅक गेला की मोटारींना आणखी एक लेन मिळणार, हे कारणही पटायला सोपं. त्याच्या मागोमाग नेहमीचा निष्कर्ष हजर झाला : मुंबईत सायकल चालवतो कोण?

बरेच जण चालवतात. ज्यांच्या मताला किंमत असते, ती माणसं त्या वेळी झोपलेली असतात, इतकंच.

पहाटे पाचच्या सुमारास अंधेरीच्या एस. व्ही. रोडवर किंवा घाटकोपर-भांडुपच्या एलबीएस मार्गावर उभं राहावं. पाववाला जातो, कॅरिअरवर लादीपावाचे थर, वर प्लास्टिकचा कागद, हँडलला रबरी भोंगा. दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. पेपरवाला, रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, थर्मास बांधून फिरणारा चहावाला. पुढे दहा-साडेदहाला स्टेशनाबाहेर डबेवाल्यांच्या सायकली लागतात. यातला कोणीही हेल्मेट घालत नाही, कोणी स्वतःला ‘सायकलिस्ट’ म्हणवत नाही, आणि सायकल ट्रॅकच्या उद्घाटनाला यांना कोणी बोलावत नाही.

हा पाववाला रस्त्याच्या नेमक्या कुठल्या भागातून जातो, ते पाहण्यासारखं आहे. अगदी कडेला गटाराच्या जाळ्या, मॅनहोलची वरखाली बसलेली झाकणं आणि पेव्हर ब्लॉकची खचलेली किनार. त्याच्या अलीकडे उभ्या टेम्पोंची आणि रिक्षांची रांग. त्या रांगेपासून हातभर अंतर सोडलं नाही तर अचानक उघडलेलं दार छातीवर; जास्त सोडलं तर उजव्या खांद्याला बेस्टची बस. या दोघांच्या मधली जेमतेम दोन-अडीच फुटांची पट्टी हा उपनगरातला प्रत्यक्षातला सायकल ट्रॅक. तो नकाशावर नाही, आणि दर पन्नास पावलांवर तो सरकतो.

दिवसा कोंडी असते, आणि चमत्कारिक वाटलं तरी ती कोंडीच सायकलवाल्याचं रक्षण करते. सगळेच रांगत असतात. धोका पहाटे, रस्ता मोकळा असताना. चेंबूरचे अवतार सैनी, इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, २८ फेब्रुवारी २०२४ला नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर सकाळी सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने गेले. त्यांची बातमी देशभर छापून आली. पाववाल्याची बहुधा पोलीस ठाण्याच्या नोंदीपुरती उरली असती.

अशा वेळी महापालिकांना पहिला सुचतो तो रंग. हिरवा किंवा लाल पट्टा, त्यात पांढरी सायकल, एक फोटो. रंगाचं काम स्वस्त, आणि कोणाची जागा जात नाही म्हणून कोणी रागावतही नाही. पण रंगाने सायकलवाला वाचतो का? वेस्ली मार्शल आणि निकोलस फेरेनचॅक या दोघा अमेरिकी संशोधकांनी तिथल्या १२ मोठ्या शहरांची १३ वर्षांची आकडेवारी तपासून २०१९मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वेगळ्या, आडोसा असलेल्या सायकलमार्गांचं जाळं जिथे दाट, तिथे मोटारीतल्या माणसांसकट सर्वांचेच मृत्यू कमी; नुसत्या रंगाचा तसा लाभ दिसला नाही. त्याच वर्षीच्या मेलबर्नमधल्या अभ्यासात तर पट्टा रंगवलेल्या रस्त्यांवर गाड्या सायकलला अधिक जवळून ओलांडून जाताना आढळल्या. रेषा आहे म्हटल्यावर चालक रेषेकडे बघतो, माणसाकडे नाही. अंधेरीत एवढाही प्रश्न येणार नाही. तिथे पट्टा वाळण्याआधी त्यावर कोणीतरी गाडी लावून चहाला गेलेलं असेल.

म्हणजे कठडा हवा. पण कसला?

इथे मुंबईचा अनुभव बाहेरच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवतो. स्कूटर फूटपाथवर चढू नयेत म्हणून पालिकेने ठिकठिकाणी स्टीलचे खांब, बोलार्ड, रोवले. ते इतके जवळजवळ रोवले की व्हीलचेअर आत जाईना, आणि २०२३मध्ये उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. फूटपाथ ज्यांच्यासाठी वाचवायचा, तेच बाहेर राहिले. सायकल ट्रॅकच्या तोंडाशीही हाच पेच येणार. व्हीलचेअर सहज जायला तीनेक फुटांची फट लागते. तेवढ्या फटीतून कुठलीही स्कूटर आरामात शिरते. फट कमी केली तर पहिला अडकतो तो दूधवाला, कारण कॅन लावलेली त्याची सायकल स्कूटरपेक्षा रुंद असते. सायकल आत आणि स्कूटर बाहेर, असं निवडून देणारी फट भूमितीत नाहीच.

हे एकदा मान्य केलं की बराच गोंधळ मिटतो. कठडा मोटार, टेम्पो आणि रिक्षा अडवू शकतो. दुचाकी अडवू शकत नाही. ‘स्कूटरवाले घुसतात, मग कठडा कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी घुसणारी स्कूटर आणि आडवा उभा टेम्पो यांतला फरक लक्षात घ्यावा. स्कूटर पाच सेकंदांत पुढे निघून जाते, टेम्पोमुळे मात्र सायकलवाल्याला भर वाहतुकीत वळावं लागतं. ॲमस्टरडॅमसारख्या शहरातही हलक्या मोपेड कैक वर्षं सायकलमार्गांवरून चालत होत्या. त्यांना मुख्य रस्त्यावर पाठवायला एप्रिल २०१९ उजाडला. शिवाय आपल्याकडे २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची दुचाकी कायद्याने मोटारवाहनात मोडतच नाही. जेवणाची पार्सलं पोचवणारी कितीतरी मुलं तीच चालवतात, आणि त्यांना संरक्षण नको असं म्हणायला काही आधार नाही.

राहिला कठड्याचा प्रकार. प्लास्टिकचे लवचीक स्प्रिंग पोस्ट पहिल्या पावसाळ्यापर्यंत अर्धे मोडून पडतात, हे उड्डाणपुलांच्या तोंडाशी कोणालाही दिसेल. कुंड्या शोभिवंत, त्यांत झाडापेक्षा गुटख्याची पुडकी जास्त. न्यूयॉर्कने २००७मध्ये नाइन्थ ॲव्हेन्यूवर उभ्या गाड्यांचीच रांग आडोसा म्हणून वापरली : फूटपाथ, मग सायकलमार्ग, मग मोकळी पट्टी, मग पार्किंग. कल्पना हुशारीची, पण ती पार्किंगची रांग सरळ राहील या विश्वासावर उभी आहे. मुलुंडमध्ये आठ दिवसांत आतली पट्टी दुसरी पार्किंग रांग होईल. उपनगरांना चालेल तो जमिनीत घट्ट बसलेला काँक्रीटचा कर्ब, दुचाकीला सरळ ओलांडता येऊ नये इतका उंच, आणि मध्ये मध्ये तुटलेला. तुटलेला अशासाठी, की पावसाचं पाणी कडेच्या जाळ्यांकडे वाहून गेलं पाहिजे. अखंड कर्ब घातला तर जुलैत सायकल ट्रॅकचा पाट होईल, किंवा उलट सगळा रस्ता तुंबेल आणि दुसऱ्या दिवशी कर्ब फोडायला खुद्द नगरसेवकच घण घेऊन येईल. बसथांबाही कर्बच्या रस्त्याकडच्या बाजूला बेटासारखा घ्यावा लागेल, म्हणजे बस सायकलच्या वाटेत शिरणार नाही. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना मग ट्रॅक ओलांडायला उंच पट्टा द्यावा लागेल. यातलं काहीच नवं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांचं पहिलं मानक १९६२मध्ये काढलं आणि २०१५मध्ये सुधारलंही.

तरीही मुंबईत सायकलसाठी जागा शोधायची वेळ आली की नजर रस्त्यावर पडत नाही, भलतीकडेच जाते. पालिकेने पवई तलावाच्या काठाने ट्रॅक बांधायला घेतला. ६ मे २०२२ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. त्याआधीचा बेत तानसा जलवाहिन्यांच्या कडेचा : मुलुंड ते धारावी आणि घाटकोपर ते शीव, मिळून ३९ किलोमीटर, नाव ‘ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स’. जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश न्यायालयाचा होता, आणि पाण्याच्या सुरक्षेसाठी तो समजण्यासारखाही. पण त्या पट्ट्यातली विद्याविहारची कितीतरी कुटुंबं माहुलला, रिफायनऱ्यांच्या कुशीत नेऊन टाकली. सप्टेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती करता येणार नाही असं सांगून घरभाड्यापोटी महिना १५ हजार रुपये द्यायचा आदेश दिला. पाइपलाइनच्या कडेला राहणाऱ्यांत सायकलने कामाला जाणारे किती असतील, याचा विचार ट्रॅक आखणाऱ्यांनी केला असता तर बरं झालं असतं.

तलाव चालतो, पाइपलाइन चालते, रविवार सकाळचा मरीन ड्राइव्ह चालतो, सोमवारचा एस. व्ही. रोड चालत नाही. या चालणाऱ्या जागांत एक साम्य आहे. तिथे कामाच्या दिवशी मोटारीची एक इंचही जागा जात नाही.

रस्त्यावर जागाच नाही, हे उत्तर ठरलेलं. पण उपनगरांनी गेल्या दहा वर्षांत एक प्रचंड प्रयोग नकळत पार पाडला आहे, आणि त्याचा निकाल कोणी वाचलेला नाही. मेट्रो २अ आणि ७चं काम २०१६ ते २०२२ चाललं; लिंक रोड आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या मधल्या लेन तेवढी वर्षं पत्र्याच्या बॅरिकेडमागे होत्या. मेट्रो ४साठी एलबीएस मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तेच. लोकांनी शिव्या घातल्या, उशिरा पोचले, वेगळ्या वाटा धरल्या, लोकलकडे वळले. शहर थांबलं नाही. बॅरिकेड हटले तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेचा वाटा कोणाला द्यायचा, हे विचारायची नामी संधी होती. कोणी विचारलं नाही. ती जागा मुकाट्याने मोटारींकडे परत गेली.

सेव्हिल या स्पॅनिश शहराने तो प्रश्न विचारला. २००६पासून थोड्याच वर्षांत तिथे सुमारे ८० किलोमीटरचं जाळं एका दमात उभं राहिलं, कर्बने वेगळं केलेलं, बरंचसं पार्किंगच्या जागेवर. अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेला सायकलचा वाटा सहा-सात टक्क्यांपर्यंत गेला. गुपित कर्बपेक्षा ‘एका दमात’ या दोन शब्दांत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक ना कुर्ला स्टेशनला नीट पोचत होता, ना वांद्र्याला. संकुलातून निघून संकुलातच संपत होता. त्यावर सायकली नव्हत्या याचं नवल कशाला करायचं?

बोगोटाचे महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी १९९८ ते २०००च्या कारकिर्दीत फूटपाथवरच्या मोटारी हटवून तिथे खांब रोवले, शेकडो किलोमीटरचे सायकलमार्ग सुरू केले, तेव्हा त्यांना पदावरून काढायची मोहीम झाली होती. चिडणाऱ्यांत मोटारवाले आणि दुकानदार पुढे. मुंबईत राग धरायला नेमकं माणूसही नव्हतं; मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाने हाकला. त्याच काळात शहरातले शेकडो किलोमीटर रस्ते उकरून काँक्रीटचे करायला घेतले गेले. रस्ता पोटापर्यंत उघडा असताना, वाहिन्या नव्या पडत असताना आणि पाण्याचा उतार नव्याने ठरत असताना कर्ब ओतणं सगळ्यात स्वस्त. नंतर तेच करायचं म्हणजे ताजं काँक्रीट फोडायचं, आणि त्याला परवानगी कोण देणार?

आता आकडे मांडून पाहू. मुंबईच्या विकास आराखड्यात ९० फुटी रस्ता म्हणजे २७.४५ मीटर, घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, प्रत्येकाकडे आपापला ‘नाइन्टी फीट रोड’ आहे. कागदावरची ही रुंदी पूर्ण मिळते असं धरू. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर फूटपाथ, म्हणजे ६. वाहतुकीला चार लेन, प्रत्येकी ३.३ मीटर, म्हणजे १३.२. मधला दुभाजक १ मीटर. दोन्ही कडांना दोन मीटरचा सायकलमार्ग आणि अर्ध्या मीटरचा कर्ब, म्हणजे ५. बेरीज २५.२. उरतात सव्वादोन मीटर, म्हणजे उभ्या गाड्यांची बरोबर एक रांग, रस्त्याच्या एकाच बाजूला. आज ती दोन्ही बाजूंना असते, आणि संध्याकाळी सातनंतर कुठे कुठे तिसरीही. तेव्हा कोणत्या बाजूची रांग उठवायची, हे सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि दुकानदारांना एकत्र बसवून ठरवावं लागेल, आणि ती बैठक पहाटे पाचला दूध घालून दुपारी झोपलेला माणूस येऊ शकेल अशा वेळी ठेवावी लागेल.